वाकाटाइम सीएलआय: एडिटरमधला वेळ मोजायचा सेटअप, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिंजवडी-खराडीतले नोकरीवाले, घरून काम करणारे फ्रीलान्सर आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टात बुडालेली कॉलेजची मुलं, सगळ्यांकडून वाकाटाइमबद्दल तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांत, स्मॉल लेटरमध्ये टाकायची, आणि जिथे अंडरस्कोर म्हटलंय तिथे अंडरस्कोरच, डॅश नाही.

हे नक्की करतं काय?

तुम्ही व्हीएस कोड, विम, इंटेलिजे, सब्लाइम, ईमॅक्स यातल्या कशातही काम करत असाल तर एडिटरमधलं एक छोटं प्लगइन "आत्ता या फाइलमध्ये काम चालू आहे" एवढी खबर वाकाटाइम सीएलआयला (टर्मिनलमधून चालणारा छोटा प्रोग्रॅम) देतं, आणि सीएलआय त्यात प्रोजेक्ट, ब्रँच, भाषा वगैरे शोधून भरतं आणि सर्व्हरला पाठवतं. या खबरीला हार्टबीट म्हणतात. फाइल बदलली की एक, सेव्ह केली की एक, आणि त्याच फाइलमध्ये टाइप करत राहिलात तर साधारण दर 2 मिनिटांनी एक. म्हणजे मागे कुठलं घड्याळ टिकटिकत नसतं, स्टार्ट-स्टॉपचं बटण नाही, नुसत्या या हार्टबीटच्या मधली अंतरं जोडून तास काढले जातात आणि वाकाटाइमच्या साइटवर डॅशबोर्डवर आलेखात दिसतात. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, खालचे अर्धे घोळ त्यातच सुटतात.

प्लगइन टाकलं, आता सीएलआय वेगळं टाकायचं का?

नाही, बहुतेक वेळा नाही. पहिल्यांदा एडिटर उघडला की प्लगइन स्वतःच गिटहबवरून सीएलआय उतरवून घेतं आणि तुमच्या होम फोल्डरमध्ये डॉट वाकाटाइम नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. नावात पहिलाच डॉट असल्यामुळे लिनक्स आणि मॅकवर ते साध्या लिस्टमध्ये दिसत नाही, एलएसला डॅश ए लावा. जुन्या लेखांत पायथॉन टाका, पिप चालवा असं काहीबाही सापडेल, ते सोडून द्या, आधी हे टूल पायथॉनमध्ये होतं, आता गो मध्ये लिहिलंय, एकच बायनरी असते, खाली काही लागत नाही.

ऑफिसच्या नेटवर गिटहबचं डाउनलोड अडवलेलं असेल तर मात्र प्लगइन दिसतं इन्स्टॉल झालेलं आणि आत काहीच होत नाही. अशा वेळी घरच्या नेटवरून गिटहबच्या रिलीज पानावर आपल्या मशीनची झिप घ्यायची (लिनक्स की मॅक की विंडोज, आणि प्रोसेसर एएमडी 64 की एआरएम 64 हे बघून), उघडून त्याच फोल्डरमध्ये ठेवायची. मॅकवाल्यांना होमब्रूनेही टाकता येतं.

एपीआय की कुठे मिळते आणि कुठे टाकायची?

एपीआय की म्हणजे सर्व्हरला तुमचं अकाउंट ओळखायला लागणारा गुप्त कोड. वाकाटाइमच्या साइटवर अकाउंट उघडून लॉगिन केलं की सेटिंगमध्ये मिळते. नव्या की "वाका अंडरस्कोर"ने सुरू होतात, ते सुरुवातीचे शब्दही कीचाच भाग आहेत, कॉपी करताना ते सोडू नका. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल शिफ्ट पी दाबून वाकाटाइम टाइप करा, की टाकायचा पर्याय येतो. विममध्ये कोलन आणि वाकाटाइम-एपीआय-की ही कमांड आहे, ही कमांड मात्र वाका, टाइम, एपीआय, की या प्रत्येक शब्दाचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल आणि मध्ये जागा किंवा डॅश न ठेवता लिहायची. एकदा टाकली की ती होम फोल्डरमधल्या डॉट वाकाटाइम डॉट सीएफजी या फाइलमध्ये लिहिली जाते आणि तिथून पुढे सगळे एडिटर तीच फाइल वाचतात, दरवेळी टाकावी लागत नाही.

ती फाइल हाताने लिहिली तर चालते का? आत काय असतं?

चालते, आणि मी तर म्हणेन एकदा हाताने उघडून बघाच. साधी टेक्स्ट फाइल आहे. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात सेटिंग्ज हा शब्द, दुसऱ्या ओळीत एपीआय अंडरस्कोर की, मग बरोबरचं चिन्ह, मग तुमची की. एवढ्यावर काम चालू होतं. नेहमी चुकतं ते असं: पहिली कंसातली ओळच राहून जाते, किंवा व्हॉट्सॅपवरून मित्राची फाइल कॉपी करताना सरळ अवतरणचिन्हं वाकडी होऊन कीच्या दोन्ही बाजूंना येऊन बसतात. कीला अवतरणचिन्हं लागतच नाहीत. विंडोजवर नोटपॅडने शेवटी डॉट टीएक्सटी जोडला की फाइल सापडतच नाही, ते एक्स्टेन्शन दिसेल अशी एक्सप्लोररची सेटिंग आधी चालू करा. लिनक्सवर फाइलची परवानगी 600 करून ठेवा म्हणजे त्याच मशीनवरच्या दुसऱ्या युजरला की दिसणार नाही, कॉलेजच्या लॅबमध्ये तर हे हवंच.

माझा कोड यांच्या सर्व्हरवर जातो का?

कोडचा मजकूर जात नाही. पण "कोड जात नाही" म्हणजे "काहीच जात नाही" असं नव्हे, आणि लोक इथेच गाफील राहतात. फाइलचा पूर्ण पाथ जातो, प्रोजेक्टचं नाव, ब्रँचचं नाव, भाषा, कितव्या ओळीवर आहात, फाइलमध्ये किती ओळी आहेत, कोणत्या लायब्ररी इम्पोर्ट केल्यात आणि मशीनचं नाव, हे सगळं जातं. आता विचार करा, फोल्डरचं नाव क्लायंटच्या नावावर असेल, ब्रँचला जिराच्या तिकिटाचं नाव असेल आणि फाइलला अजून बाजारात न आलेल्या फीचरचं, तर पाथ वाचूनच बरंच काही कळतं की नाही?

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं, की टाकायच्या आधी, पहिला हार्टबीट जायच्या आधी, कॉन्फिगमध्ये, म्हणजे त्याच सीएफजी फाइलमध्ये, या ओळी घाला. हाइड अंडरस्कोर फाइल अंडरस्कोर नेम्स ट्रू केलं की सर्व्हरवर फाइलचं नाव लपून फक्त एक्स्टेन्शन उरतं, म्हणजे पायथॉनची फाइल होती एवढंच कळतं. हाइड अंडरस्कोर ब्रँच अंडरस्कोर नेम्सने ब्रँच जाते झाकली. हाइड अंडरस्कोर प्रोजेक्ट अंडरस्कोर नेम्स ट्रू केलं तर प्रोजेक्टला काहीतरी रँडम नाव मिळतं आणि ते तुमच्या फोल्डरमध्ये एका फाइलमध्ये लिहून ठेवलं जातं, म्हणजे तुम्हाला कोणतं कुठलं ते ओळखता येतं, बाहेरच्याला नाही. हे नंतर करू म्हणून सोडू नका, कारण सेटिंग पुढच्या हार्टबीटला लागू होते, आधी गेलेली नावं ती परत आणत नाही.

कंपनीच्या लॅपटॉपवर टाकू का?

आधी विचारा. मॅनेजरला तोंडी नाही, आयटीला मेलवर. एनडीएखाली (गुप्ततेच्या कराराखाली) क्लायंटचा कोड असेल तर फाइलची नावं बाहेरच्या सर्व्हरवर पाठवणं हे त्यात बसतं का हे तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही, ते त्यांनीच लिहून द्यायचं. परवानगी मिळाली नाही तर टाकू नका, एवढ्याशा आलेखापायी नोकरी पणाला लावायची गरज नाही.

परवानगी मिळाली आणि एकाच मशीनवर ऑफिसचं आणि स्वतःचं दोन्ही असेल तर एक फार चांगली सेटिंग आहे जी फारशी कोणाला माहीत नसते: इन्क्लूड अंडरस्कोर ओन्ली अंडरस्कोर विथ अंडरस्कोर प्रोजेक्ट अंडरस्कोर फाइल. नाव मोठं आहे पण काम सोपं आहे, ही ट्रू केली की ज्या फोल्डरमध्ये तुम्ही डॉट वाकाटाइम डॅश प्रोजेक्ट नावाची फाइल ठेवलीय तेवढ्याचाच वेळ मोजला जातो, बाकी सगळं गप्प. काय वगळायचं याची यादी ठेवण्यापेक्षा काय मोजायचं याची यादी ठेवणं कधीही सुरक्षित, कारण वगळायच्या यादीत नवीन क्लायंटचं फोल्डर घालायला आपण विसरतोच.

ऑफिसला प्रॉक्सी आहे, काही पोचत नाही.

कॉन्फिगमध्ये प्रॉक्सी नावाची ओळ घाला, युजर, पासवर्ड, होस्ट आणि पोर्ट नेहमीच्या पद्धतीने. सॉक्स आणि एनटीएलएमही चालतं. कंपनीने स्वतःचं सर्टिफिकेट मध्ये बसवलेलं असेल तर एसएसएल अंडरस्कोर सर्ट्स अंडरस्कोर फाइलमध्ये त्या सर्टिफिकेटचा पाथ द्या. इंटरनेटवर लोक पडताळणीच बंद करायची सेटिंग सुचवतात, तिच्या नादी लागू नका, पडताळणी बंद केलीत तर तुमची की मधल्या कोणालाही वाचता येते.

गुरुवारी लाइट गेली, वायफाय बंद, तेवढा वेळ बुडाला का?

नाही बुडाला. लॅपटॉपची बॅटरी चालू आहे आणि तुम्ही टाइप करताय तोवर हार्टबीट तयार होतच राहतात, फक्त ते सर्व्हरला न जाता डॉट वाकाटाइम फोल्डरमधल्या ऑफलाइन हार्टबीट्सच्या छोट्या डेटाबेस फाइलमध्ये साठतात, आणि नेट आलं की पुढच्या हार्टबीटबरोबर आपोआप वर जातात, ज्या वेळी काम केलं त्याच वेळेच्या नोंदीने. शिवाजीनगर ते हिंजवडी बसमध्ये बसून केलेलं कामही तसंच. किती साठलेत हे बघायचं तर टर्मिनलमध्ये वाकाटाइम डॅश सीएलआय लिहून पुढे डॅश डॅश ऑफलाइन डॅश काउंट. लगेच ढकलायचे असतील तर डॅश डॅश सिंक डॅश ऑफलाइन डॅश अ‍ॅक्टिव्हिटी आणि पुढे आकडा, उदाहरणार्थ 1000. मशीन फॉरमॅट करायच्या आधी हे दोन्ही करून घ्या, नाहीतर साठलेलं तिथेच जातं.

दिवसभर खुर्चीत होतो आणि हे सव्वातीन तास दाखवतंय. बिघडलंय का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्याचा चेहरा खरंच पडलेला असतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बिघडलेलं नाही. दोन हार्टबीटमधलं अंतर टाइमआउटपेक्षा कमी असेल तर ते कामात धरलं जातं, जास्त असेल तर सोडून दिलं जातं. मुळातला टाइमआउट 15 मिनिटांचा असतो. समजा 10 वाजता तुम्ही फाइल उघडली, 10 वाजून 2 मिनिटांनी सेव्ह केली, मग 10 वाजून 10 मिनिटांनी एक ओळ लिहिली, आणि मग लॉग वाचत, कागदावर आकृत्या काढत, शेजारच्याशी बोलत बसलात आणि थेट 10 वाजून 40 मिनिटांनी पुन्हा टाइप केलं. मोजणीत किती आलं? पहिली 10 मिनिटं. मधली 30 मिनिटं गेली, कारण अंतर 15 च्या वर होतं. आणि खरं सांगायचं तर त्या 30 मिनिटांतच बग सापडलेला असतो!

मीटिंग, कोड रिव्ह्यू ब्राउझरमध्ये, डिझाइनची चर्चा, कोणाला तरी अडलेलं सोडवून देणं, यातलं काहीही एडिटरला दिसत नाही. तेव्हा हा आकडा म्हणजे तुमचं काम नाही, तो एडिटरमध्ये हात चालत होते तो वेळ आहे. कमी आला म्हणून मनाला लावून घेऊ नका आणि जास्त आला म्हणून रात्री जागू नका. उपयोग होतो तो तुलनेचा, मागच्या आठवड्यात कोणत्या प्रोजेक्टने किती खाल्लं, एखाद्या वारी आकडा अगदीच का पडला, तर त्या दिवशी चार मीटिंग होत्या. एवढं कळलं तरी पुष्कळ.

टाइमआउट वाढवायचा असेल तर तो अकाउंटच्या प्रेफरन्समध्ये असतो, मशीनवरच्या कॉन्फिगमध्ये नाही. कॉन्फिगमध्येही टाइमआउट नावाची ओळ चालते पण ती पूर्ण वेगळी, सर्व्हरशी बोलताना किती सेकंद वाट बघायची ती. लोक तिथे 30 टाकतात आणि तास वाढायची वाट बघत बसतात.

प्रोजेक्टचं नाव चुकीचं येतंय, किंवा "अननोन प्रोजेक्ट" दिसतंय.

सीएलआय गिटच्या फोल्डरवरून नाव ओळखतं. गिट नसेल तर अडखळतं, आणि कॉलेजच्या मुलांचं नेहमी हेच असतं, डेस्कटॉपवर "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच शेवटचं" अशी फोल्डर आणि गिट इनिट कधी केलेलंच नाही. ते करा, वेळ मोजण्यासाठी नाही तर तुमच्या प्रोजेक्टच्या भल्यासाठी. गिट नकोच असेल तर त्या फोल्डरमध्ये डॉट वाकाटाइम डॅश प्रोजेक्ट ही फाइल करून पहिल्या ओळीत हवं ते नाव लिहा, दुसऱ्या ओळीत हवी तर ब्रँच. एका मोठ्या रिपॉझिटरीत दहा सर्व्हिस असतील तर प्रत्येकीच्या फोल्डरमध्ये अशी फाइल ठेवून वेगळा वेळ काढता येतो.

डब्ल्यूएसएल, एसएसएच, डॉकरमध्ये काम करतो.

एकच नियम: ज्या मशीनवर प्लगइन चालतं त्याच मशीनच्या होम फोल्डरमधली कॉन्फिग वाचली जाते. विंडोजवर की टाकलीत आणि उबुंटूच्या आत विम उघडलात तर त्या विमला विंडोजची फाइल दिसत नाही, उबुंटूच्या होममध्ये दुसरी लागते. क्लाउडमधल्या सर्व्हरवर एसएसएच करून काम करत असाल तर तिथे ठेवावी लागते, आणि तो सर्व्हर चौघांत मिळून असेल तर तिथे तुमची की ठेवूच नका. डॉकरचा कंटेनर पुसला की आतली कॉन्फिगही जाते, म्हणून डॉट वाकाटाइम फोल्डर आणि सीएफजी फाइल बाहेरून माउंट करा. कॉन्फिग होम फोल्डरऐवजी दुसरीकडे ठेवायची तर वाकाटाइम अंडरस्कोर होम नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, तो नेहमीप्रमाणे कॅपिटल अक्षरांत.

अमेरिकेच्या क्लायंटसाठी रात्री काम करतो, दिवस तुटतो.

अकाउंटचा टाइमझोन बघा, एशिया कोलकाता असायला हवा. हार्टबीटची वेळ टाइमझोनवर अवलंबून नसते, त्यामुळे सर्व्हर यूटीसीवर असला तरी फरक पडत नाही, पण मशीनचं घड्याळच मागे-पुढे असेल तर पडतो. रात्री 12 ला दिवस बदलणार तो बदलणारच, रात्री 9 ते 2 बसलात तर ते दोन तारखांत वाटलं जाणार. अशांनी रोजचा आकडा न बघता आठवड्याचाच बघावा.

फ्रीलान्सच्या बिलाला हे धरता येईल का?

आधार म्हणून धरा, पण एवढ्यावरच बिल करू नका. वर सांगितलं तसं कॉल आणि विचार करण्यातला वेळ यात नाही, ते वहीत वेगळं लिहा आणि त्याचेही पैसे मागा. आपल्याकडे चांगले डेव्हलपरसुद्धा फक्त टायपिंगचे तास लावतात आणि स्वतःचं नुकसान करून घेतात.

डॅशबोर्डवर काहीच येत नाही. कुठून सुरुवात करू?

आधी टर्मिनलमध्ये वाकाटाइम डॅश सीएलआय, डॅश डॅश टुडे. आजचा वेळ आला तर की आणि नेट ठीक आहे, दोष प्लगइनकडे. कमांडच सापडत नसेल तर ती पाथमध्ये (टर्मिनल कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) नाही, डॉट वाकाटाइम फोल्डरमध्ये जाऊन तिथून चालवा. मग कॉन्फिगमध्ये डीबग ट्रू करा, एडिटर पूर्ण बंद करून उघडा, दोन ओळी लिहून सेव्ह करा आणि त्याच फोल्डरमधला वाकाटाइम डॉट लॉग वाचा. लॉगमध्ये 401 दिसला तर की चुकीची, एक्झिट कोड 104 म्हणजेही तेच, 103 म्हणजे कॉन्फिग फाइल वाचताच आली नाही. लॉग रिकामाच असेल तर प्लगइन सीएलआयला बोलवतच नाहीये. काम झालं की डीबग बंद करा आणि लॉग कोणाला पाठवायचा असेल तर आधी स्वतः नजर टाका, त्यात फाइलचे पाथ असतात.

डॉटफाइल्स (स्वतःच्या सेटिंगच्या फाइली) गिटहबवर ठेवतो, ही कॉन्फिग टाकली तर?

की उघडी पडेल. कॉन्फिगमध्ये की न लिहिता एपीआय अंडरस्कोर की अंडरस्कोर व्हॉल्ट अंडरस्कोर सीएमडी ही ओळ वापरा, तिथे पासवर्ड मॅनेजरची कमांड द्यायची आणि सीएलआय तिच्याकडून की घेतं. आधीच पुश झालं असेल तर कमिट पुसून भागत नाही, सेटिंगमधून नवी की बनवा.

बाहेर काहीच पाठवायचं नाही, घरच्या घरी जमेल का?

जमतं. वाकापी नावाचा ओपन सोर्स सर्व्हर आहे, तोही गो मध्येच, जुन्या लॅपटॉपवरही आरामात चालतो. मुळात 3000 पोर्टवर उभा राहतो. प्लगइन आणि सीएलआय तेच, फक्त कॉन्फिगमध्ये एपीआय अंडरस्कोर यूआरएलला तुमच्या सर्व्हरचा पत्ता आणि शेवटी स्लॅश एपीआय, आणि की वाकापीची. एनडीएच्या कामासाठी मला तरी हाच रस्ता पटतो, परवानगीचा मेल इथेही चुकत नाही पण आयटीला हो म्हणणं सोपं जातं. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच हाही पर्याय आहे, सगळं स्वतःच्या मशीनवर ठेवतो, पण त्याची प्लगइन वेगळी.

पैसे पडतात का?

सीएलआय आणि प्लगइन ओपन सोर्स आहेत. वाकाटाइमच्या फुकट अकाउंटवर जुना इतिहास मर्यादित दिसतो, जास्त मागचा बघायला पैसे. शिकणाऱ्याला फुकटचं पुरतं.

टीम लीडने सगळ्यांचे डॅशबोर्ड मागितलेत.

देऊ नका, किंवा द्यायच्या आधी बसून बोला. आकडा बघून माणसं जोखायला लागलं की टीम तो आकडा वाढवायला शिकते, उगीच फाइल उघडून स्पेसबार दाबत बसते, आणि जो सिनिअर दिवसभर इतरांना मदत करतो तो कागदावर सगळ्यात आळशी दिसतो. लीडला प्रोजेक्टचा अंदाज हवा असेल तर प्रोजेक्टवार एकूण वेळ सगळ्यांनी मिळून द्या, नावानिशी नको. हे टूल स्वतःला बघण्यासाठी आहे यावर मी ठाम आहे.

काढून कसं टाकायचं?

प्रत्येक एडिटरमधून प्लगइन काढा, एकात राहिलं तर ते सीएलआय पुन्हा उतरवून घेईल. मग होममधलं डॉट वाकाटाइम फोल्डर आणि सीएफजी फाइल उडवा, प्रोजेक्टमधल्या डॉट वाकाटाइम डॅश प्रोजेक्ट फाइल गिटमध्ये गेल्या असतील तर त्याही. सर्व्हरवरचा डेटा याने जात नाही, त्यासाठी अकाउंट सेटिंगमधून आधी एक्स्पोर्ट मागवून घ्या, फाइल हातात आली की मगच अकाउंट डिलीट करा.